उन्हाळी हस्तकला मेळ्यात बदल करायचेत? मग स्टॉलच्या मागे उभं राहून बघा

छोट्या गावातल्या उन्हाळी कला-हस्तकला मेळ्याच्या समितीची पहिली बैठक बहुधा एकाच वाक्यानं सुरू होते, "या वर्षी काहीतरी नवीन करू या." मग प्रवेशद्वाराची कमान, रंगमंच, फोटो काढायची जागा आणि नवं बोधचिन्ह यांवर दोन तास जातात. शेवटच्या रांगेतल्या कुंभाराची दुपारी तीनपर्यंत भवानीसुद्धा झाली नव्हती, हे त्या बैठकीत कोणी सांगत नाही. सांगणार कसं? त्याला कोणी विचारलेलंच नसतं.

मेळा बदलायचा असेल तर माझी फुटपट्टी एकच आहे. या बदलानं एका कारागिराची विक्री वाढेल, की नुसती गर्दी वाढेल? गर्दी छायाचित्रात छान दिसते. पण पुढच्या वर्षी कारागीर परत येतात ते गल्ला बघून, आणि चांगले कारागीर यायचे थांबले की दोन-तीन वर्षांत गर्दीही पांगते. खाली जे लिहिलंय ते याच क्रमानं: आधी मोजणी, मग वेळ, जागा, वारा, निवड, आणि शेवटी लोकांना सांगणं.

आधी मागच्या वेळचा हिशेब

आकडे नसताना केलेला बदल नंतर चांगला ठरला की वाईट, हे कळायला मार्गच उरत नाही. म्हणून मोठा बदल करायच्या आधी निदान एक मेळा नीट मोजून घ्या. यंत्रं लागत नाहीत. दोन-तीन स्वयंसेवक, वही आणि घड्याळ एवढ्यावर काम होतं.

माणसं मोजायला दर तासाला ठरावीक दहा मिनिटं प्रवेशद्वाराशी उभं राहायचं आणि आत येणारी डोकी मोजायची. आकड्याला सहानं गुणलं की त्या तासाचा अंदाज येतो. दहा मिनिटांत ४२ लोक आले तर तासाला साधारण २५०. दिवसभराचे असे तास मांडले की कुठली वेळ भरलेली होती आणि कुठली ओस, हे चित्र समोर येतं. प्रवेशद्वारं दोन असतील तर दोन्हीकडे मोजा, नाहीतर एकाच दाराच्या आकड्यावर भलतेच निष्कर्ष निघतात.

यापेक्षाही महत्त्वाची मोजणी बाहेर पडणाऱ्यांची. दर तासाला बाहेर जाणारे सलग ५० लोक बघायचे आणि त्यांतल्या किती जणांच्या हातात खरेदीची पिशवी आहे ते टिपायचं. ५० पैकी ११ म्हणजे २२ टक्के. छोटे दागिने खिशात किंवा पर्समध्ये जातात, त्यामुळे हा आकडा खऱ्यापेक्षा थोडा कमी येतो. पण दर वर्षी एकाच पद्धतीनं मोजलं तर तुलनेला पुरतो. माझ्या मते समितीच्या अहवालात पहिल्या ओळीत हाच आकडा यावा.

तिसरी गोष्ट, विक्री. कारागीर आपला गल्ला उघडपणे सांगत नाही आणि त्यानं सांगावा असा आग्रहही धरू नये. भाडं वाढवायला आकडे गोळा करताहेत अशी शंका त्याला येतेच. म्हणून बिननावाची चिठ्ठी द्या. रक्कम विचारू नका, पट विचारा: "तुमची एकूण विक्री स्टॉलच्या भाड्याच्या किती पट झाली? तीनपटीहून कमी, तीन ते सहा, सहा ते दहा, की दहापटीहून जास्त?" खाली फक्त कलाप्रकार आणि रांगेचा क्रमांक. चिठ्ठी बंद पेटीत टाकायची. मेळ्यांतून फिरणाऱ्या कारागिरांमध्ये एक जुना ठोकताळा आहे, भाड्याच्या दहापट विक्री झाली तर मेळा चांगला. हा काही नियम नव्हे. ज्याचा कच्चा माल महाग आहे किंवा जो लांबून येतो, त्याला दहापटही अपुरी पडते. पण निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या 'तीनपटीहून कमी'च्या असतील, तर कमानीचा रंग बदलून काही होणार नाही, एवढं नक्की समजतं.

चिठ्ठ्या रांगांप्रमाणे लावून बघा. बरेचदा गंमत अशी निघते की पहिल्या दोन रांगा मजेत असतात आणि मागच्या दोन कोरड्या. म्हणजे दोष मेळ्याचा नसतो, मांडणीचा असतो.

एका वर्षात किती बदल?

फार तर दोन. तारीख, जागा, वेळ, निवडीचे नियम आणि भाडं हे पाच मोठे खांब आहेत. एकाच वर्षी यांतले तीन हलवले तर विक्री वाढली तरी कशामुळे आणि पडली तरी कशामुळे, हे कळत नाही. शिवाय नेहमीचा ग्राहक सवयीनं येतो. त्याची सवय एका बाजूनं मोडली तर तो जुळवून घेतो, सगळ्या बाजूंनी मोडली तर घरी बसतो.

मोठे मेळेसुद्धा हळूहळूच बदलतात. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बर शहरातला रस्त्यावरचा कलामेळा १९६० पासून भरतो आणि तोही ऐन जुलैच्या उन्हाळ्यात. तिथं वर्षानुवर्षं बुधवार ते शनिवार असा क्रम होता. २०१६ मध्ये तो गुरुवार ते रविवार केला. पुढं २०२२ पासून चार दिवसांचे तीन झाले, गुरुवार ते शनिवार. जुलै मात्र तोच राहिला. लोकांच्या डोक्यात महिना पक्का बसलेला असतो, त्याला धक्का लावायच्या आधी दहादा विचार करावा. आठवड्यातले वार आणि दिवसातले तास यांच्याशी खेळायला तुलनेनं कमी जोखीम असते.

वेळ: उन्हाळी मेळ्याचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक बदल

सकाळी दहा ते संध्याकाळी सहा ही वेळ कार्यालयाची आहे, उन्हाळ्यातल्या मेळ्याची नव्हे. हवेचं तापमान ३५ अंश सेल्सिअस असलं तरी उन्हातल्या डांबराचा पृष्ठभाग ६० अंशांच्या आसपास जाऊ शकतो. त्या रस्त्यावर कोणी उभं राहून हातमागाच्या शालीचा पोत बोटांनी चाचपत बसणार नाही. तुमच्या तासावारी मोजणीत दुपारी बारा ते चार हा पट्टा ओस दिसला, तर त्यावर दोन उपाय आहेत.

एक, मेळा दोन सत्रांत भरवायचा: सकाळी आठ ते साडेअकरा आणि दुपारी साडेचार ते रात्री साडेनऊ. कारागिराला मधे विश्रांती मिळते, पण मालाची राखण कोणी करायची हा प्रश्न येतो. दुपारी स्टॉल झाकून जायचं असेल तर पहाऱ्याची सोय समितीची. दोन, मेळा सरळ चारला सुरू करून रात्री दहापर्यंत चालवायचा. छोट्या गावाला मला दुसरा पर्याय बरा वाटतो. दिवसभर कामाला गेलेली माणसं संध्याकाळीच येतात, आणि कुटुंबासकट येतात.

रात्रीचा मेळा म्हटलं की दिव्यांचा विषय आला, आणि इथं बहुतेक समित्या चुकतात. उजेड भरपूर असतो, पण रंग खोटे दिसतात. स्वस्त एलईडी दिव्यांत लाल-तपकिरी छटा मारून टाकल्यासारख्या होतात, नैसर्गिक रंगात रंगवलेलं कापड मळकट दिसतं, लाकडाची ऊब जाते. दिव्याच्या खोक्यावर 'सीआरआय' नावाचा आकडा असतो, म्हणजे सूर्यप्रकाशाच्या तुलनेत त्या दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचं माप. ते शंभरपैकी असतं. साधे दिवे ८० च्या आसपास असतात, हस्तकलेसाठी ९० किंवा त्याहून वरचे घ्या. रंगछटा ३००० ते ४००० केल्विनची चालते (हा आकडा जितका कमी, तितका उजेड पिवळसर). कापड आणि चित्रं चारहजारी दिव्यात बरी दिसतात, माती-लाकूड-पितळ तीनहजारीत.

विजेचा हिशेब आधीच कागदावर मांडा. एका स्टॉलला ९ वॉटचे दोन दिवे आणि ५० वॉटचा एक पंखा धरला तर ६८ वॉट होतात. असे ८० स्टॉल म्हणजे ५४४० वॉट. २३० व्होल्टला हे साधारण २४ अँपिअर भरतं. १६ अँपिअरच्या एका जोडणीवर ३६८० वॉटपर्यंतच जाता येतं आणि तेवढं काठोकाठ कधी भरू नये. तेव्हा निदान तीन वेगळ्या जोडण्या लागतील. त्यांतली एखादी पडली तरी अख्खा मेळा अंधारात जाणार नाही. गळती करंट तोडणारा स्विच प्रत्येक जोडणीवर हवाच. वायर जमिनीवरून टाकली असेल तर ती माणसांच्या वाटेत आडवी येऊ नये आणि तिचा जोड पाण्यात राहू नये. कारागिरांना स्पष्ट कळवा: किटली, इस्त्री, हीटगन आणायची असेल तर आधी सांगा. हे न सांगता एकजण इस्त्री लावतो आणि पाऊण रांग काळोखात जाते.

उष्णतेनं काही कलांचं थेट नुकसान होतं, ते समितीनं जागा देतानाच लक्षात घ्यावं. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, पण त्याच्या कितीतरी आधी मेणबत्त्या वाकायला लागतात. गरम करून लावलेला गोंद सैल होतो, रेझिनचे दागिने मऊ पडतात, जलरंगातली चित्रं आणि नैसर्गिक रंगांची वस्त्रं थेट उन्हात फिकी पडतात. माती, दगड, लोखंड यांना उन्हाचं काही वाटत नाही. मग सावलीतल्या जागा चिठ्ठ्या टाकून का वाटायच्या? ज्यांना सावलीची गरज आहे त्यांनाच द्या आणि अर्जात तसा प्रश्न ठेवा.

जागा आणि मांडणी

मैदानाचा नकाशा १:१०० प्रमाणात कागदावर काढा. म्हणजे एक मीटरचा एक सेंटीमीटर. नेहमीचा मंडपी स्टॉल ३ मीटर बाय ३ मीटर, म्हणजे १० फूट बाय १० फूट, असतो. पुठ्ठ्याचे तीन सेंटीमीटरचे चौकोन कापा आणि नकाशावर मांडून बघा. हा पोरखेळ वाटेल, पण संगणकावरच्या नकाशापेक्षा टेबलाभोवती बसून चौकोन सरकवताना भांडणं लवकर मिटतात.

पहिला विचार उन्हाचा. मेळा संध्याकाळचा असेल तर पश्चिमेकडे तोंड असलेल्या स्टॉलवर मावळतीचं ऊन थेट आत शिरतं. कारागिराच्या डोळ्यांवर तिरीप, माल उन्हात आणि ग्राहक घाईत. शक्यतो रांगा पूर्व-पश्चिम धावणाऱ्या ठेवा, म्हणजे स्टॉलची तोंडं उत्तरेला आणि दक्षिणेला येतात. जागेमुळे ते जमत नसेल तर पश्चिमेकडे तोंड करणाऱ्यांना पुढच्या बाजूला झाप किंवा कनात द्या.

दुसरा विचार वाटेचा. समोरासमोरच्या दोन रांगांमधली वाट चार मीटरपेक्षा अरुंद असेल तर एका स्टॉलपुढे दहा जण थांबले की मागचे अडतात, आणि अडलेला माणूस बघत नाही, पुढं ढकलतो. फार रुंद वाटही वाईटच. आठ मीटर झाली की लोक मधून चालतात आणि दोन्हीकडचा माल लांबून बघून जातात. साडेचार ते सहा मीटर ठीक. रुग्णवाहिका आणि अग्निशमन गाडीसाठी निदान एक मुख्य वाट सहा मीटर मोकळी असलीच पाहिजे. ती खुर्च्यांनी किंवा दुचाक्यांनी भरली तर तिचा उपयोग शून्य. चाकाच्या खुर्चीला ९० सेंटीमीटर रुंदी आणि वळायला दीड मीटरचा घेर लागतो. स्टॉलच्या दाराशी पायरीसारखा उंचवटा किंवा तंबूची दोरी असेल तर तो ग्राहक बाहेरूनच जातो.

तिसरा विचार प्रवाहाचा, आणि मागच्या कोरड्या रांगांचं औषध बहुतेक इथंच सापडतं. आंधळ्या गल्ल्या ठेवू नका. माणूस गल्लीच्या तोंडाशी उभा राहतो, शेवट बंद दिसतो, आणि परत वळतो. सगळा मेळा एका वळशात फिरता येईल अशी वाट आखा. ज्यासाठी लोक हमखास येतात ते, म्हणजे चाकावर मडकी घडवण्याचं प्रात्यक्षिक, मुलांचा कोपरा, बसायची सावली, प्यायचं पाणी, प्रवेशद्वाराशी ठेवू नका. दूरच्या टोकाला ठेवा. तिथपर्यंत जाताना सगळ्या रांगा डोळ्यांखालून जातात. रंगमंच मात्र स्टॉलांपासून लांब आणि त्याचे ध्वनिवर्धक स्टॉलांकडे पाठ करून असावेत. ग्राहकाला "हे कसं बनवलं?" असं ओरडून विचारावं लागलं तर तो विचारतच नाही. आणि हस्तकलेत विक्री होते ती या प्रश्नानंतर.

आता एक न आवडणारा सल्ला: स्टॉल कमी करा. समजा मेळ्यात तीन दिवसांत मिळून ६०० माणसं खरेदी करतात आणि प्रत्येकजण सरासरी दोन वस्तू घेतो. म्हणजे १२०० विक्र्या. १०० स्टॉल असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला १२, म्हणजे दिवसाला चार. ७५ स्टॉल ठेवले तर १६. खरेदीदार वाढवणं कठीण असतं, स्टॉल कमी करणं आपल्या हातात असतं. समितीचं भाड्याचं उत्पन्न घटतं हे खरं आहे. पण ओस रांगा, कंटाळलेले विक्रेते आणि "पुढच्या वर्षी येणार नाही" ही वाक्यं त्याहून महाग पडतात.

वारा

याला वेगळा मथळा देण्याचं कारण आहे. मी ज्या मेळ्याच्या कामात होतो, तिथं एका दुपारी वावटळ उठली आणि कोपऱ्यातला तंबू अलगद वर जाऊन शेजारच्या काचकामाच्या टेबलावर उतरला. माणसाला लागलं नाही, पण त्या बाईंचं वर्षभराचं काम गेलं. तंबूच्या पायांना विटा टेकवलेल्या होत्या. विटा तिथंच राहिल्या.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की जोर चौपट. ताशी ४० किलोमीटरचा वारा दर चौरस मीटरवर साधारण पावणेआठ किलो वजनाइतका दाब देतो. तंबूची बाजूची कनात तीन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच धरली तर सहा चौरस मीटर होतात, म्हणजे पंचेचाळीस-शेहेचाळीस किलोचा धक्का. ६० किलोमीटरला तोच शंभराच्या वर जातो. छताखाली शिरलेली हवा वर उचलते ते वेगळंच.

त्यामुळे प्रत्येक पायाला निदान २० किलो वजन, हा नियम अर्जातच छापा. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, तेव्हा २० लिटरचा भरलेला कॅन एका पायाला पुरतो. त्याच आकाराच्या कॅनमध्ये वाळू भरली तर वजन दीडपटीहून जास्त होतं. मात्र वजन पायाशी नुसतं ठेवून भागत नाही. तंबूच्या वरच्या कोपऱ्यातून मजबूत दोरी किंवा पट्टा खाली आणून वजनाला ताठ बांधायचा आणि वजन पायालाही आवळायचं, म्हणजे ते झोके खाणार नाही. मातीचं मैदान असेल तर खुंट्या ठोका, पण आधी खालून पाण्याची किंवा विजेची वाहिनी जात नाही ना हे विचारून घ्या. वारा वाढायला लागला की बाजूच्या कनाती सोडून टाका. कनात लावलेला तंबू म्हणजे शीडच.

वजनं तपासायला मांडणीच्या दिवशी एक माणूस फिरवा, त्याच्याकडे वजनकाटा द्या आणि ज्याची वजनं कमी असतील त्याला तंबू उघडायची परवानगी देऊ नका. हा माणूस नावडता होतो. तेव्हा ते काम दर वर्षी वेगळ्याला द्यावं.

विजांसाठी साधा नियम जगभर वापरतात: वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांहून कमी वेळ लागला तर मैदान रिकामं करा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं परत येऊ नका. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे ३० सेकंद म्हणजे साधारण दहा किलोमीटर. धातूच्या सांगाड्याचा तंबू हा आसरा नव्हे. पक्की इमारत किंवा बंद मोटार हवी. मेळा थांबवायचा निर्णय एकाच व्यक्तीकडे असावा आणि तिचं नाव सगळ्यांना माहीत असावं. समितीची बैठक बोलावून वादळ थांबत नाही.

कोणाला घ्यायचं, कोणाला नाही

हस्तकला मेळ्याला हळूहळू लागणारी कीड म्हणजे घाऊक बाजारातून आणलेला कारखानी माल. तो स्वस्त असतो आणि भराभर खपतो, त्यामुळे शेजारी बसलेल्या खऱ्या कारागिराला ग्राहक विचारतो, "तिकडे याच्या पाव किमतीत मिळतंय, तुमचं एवढं महाग का?" असे दोन-तीन उन्हाळे गेले की तो कारागीर येत नाही.

म्हणून अर्जाबरोबर पाच छायाचित्रं मागा: तीन तयार वस्तूंची, एक काम चालू असतानाचं (हात आणि अवजारं दिसली पाहिजेत) आणि एक आधीच्या मांडणीचं. निवड तीन किंवा पाच जणांनी करावी, त्यांत एक तरी बाहेरगावचा असावा, आणि निवडताना नावं झाकलेली असावीत. गुण देताना एक युक्ती अमेरिकेतल्या मेळ्यांत बरीच वापरतात: १ ते ७ गुण, पण ४ वगळून. मधला आकडाच नसल्यामुळे परीक्षकाला कुंपणावर बसता येत नाही. मेळ्याच्या दिवशी शंका आली तर समितीच्या माणसानं स्टॉलवर जाऊन शांतपणे विचारावं, "याची वीण कुठून सुरू करता?" बनवणारा माणूस उत्तर द्यायला थांबत नाही, हातानं दाखवायलाच लागतो.

कलाप्रकारांवर मर्यादा हवी. सगळ्यात जास्त अर्ज दागिन्यांचे येतात, कारण माल आणायला हलका आणि मांडायला सोपा. आवर घातला नाही तर चाळीस टक्के मेळा कानातल्यांचा होतो. एका प्रकाराला एकूण स्टॉलांच्या वीस टक्क्यांची कमाल ठेवली तर बाकीच्यांना श्वास घेता येतो.

सगळ्यात नाजूक प्रश्न जुन्यांचा. "मी पंधरा वर्षं याच कोपऱ्यात बसतोय." खरं असतं, आणि त्या कोपऱ्यामागे त्याचे ठरलेले ग्राहक असतात. पण जुन्यांनीच जागा भरली तर नवा हात शिरायला फट उरत नाही. अमेरिकेतल्या सांता फे शहरातलं इंडियन मार्केट, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या कलेचा मेळा, १९२२ पासूनचं, दर ऑगस्टमध्ये भरणारं. २०१८ मध्ये तिथल्या आयोजकांनी जुन्या कलाकारांना मिळणारा कायम जागेचा हक्क काढून घेतला आणि सगळ्यांना नव्यानं निवडीतून जायला लावलं. वगळल्या गेलेल्यांची नाराजी एवढी झाली की त्याच शहरात, त्याच दिवसांत वेगळं मार्केट उभं राहिलं. हेतू चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. पण छोट्या गावाला दोन मेळे परवडत नाहीत. त्याऐवजी पायरीपायरीनं जा: पहिल्या वर्षी पंचवीस टक्के जागा फक्त नव्यांसाठी, जुन्यांना निवडीत थोडे जादा गुण पण हक्क नाही, आणि ज्याला जागा मिळाली नाही त्याला पुढच्या वर्षी प्राधान्य. दिल्ली हाट हा दिल्लीतला हस्तकलेचा बाजार १९९४ मध्ये सुरू झाला तो कारागिरांनी आळीपाळीनं पंधरा-पंधरा दिवस बसायचं या तत्त्वावर. कायमचं दुकान कोणाचंच नाही. तीन दिवसांच्या मेळ्यात हे जसंच्या तसं चालणार नाही, पण लांबलेल्या मोसमात चार शनिवार-रविवार मेळा भरत असेल तर नक्की करून बघण्यासारखं आहे.

भाड्याबद्दल फार लिहीत नाही. ठरावीक भाडं कारागिराला परवडतं की नाही हे चिठ्ठ्यांतून कळतं. विक्रीवर टक्केवारी घेणं कागदावर न्याय्य दिसतं, पण मग प्रत्येक पावती तपासावी लागते आणि समितीचे स्वयंसेवक वसुलीदार होतात. कमी भाडं आणि कोपऱ्याच्या जागेला थोडं जास्त, एवढं पुरे. नवख्यांसाठी दोघांनी मिळून घ्यायचा अर्धा-अर्धा स्टॉल ठेवा.

लोकांना सांगणं, आणि कधी

कारागिराचं काम महिन्यांच्या हिशेबात चालतं. माती वाळायला, भाजायला, कापड विणायला वेळ लागतो. तारीख किंवा वेळ बदलणार असेल तर निदान आठ महिने आधी कळवा. निवडीचे नियम सहा महिने आधी, जागावाटप दोन महिने आधी. कळवताना बदल, त्याचं कारण आणि तो मागे कधी घेतला जाईल, हे तिन्ही एकाच पत्रात असू द्या. उदाहरणार्थ: "मागच्या मेळ्यात दुपारी १२ ते ४ या वेळेत तासाला सरासरी ३० माणसं आली, संध्याकाळी ५ नंतर २६०. म्हणून या वर्षी मेळा दुपारी ४ ते रात्री १० भरेल. दिवे आणि पहारा समितीकडून. मेळ्यानंतर चिठ्ठ्यांमधून निम्म्याहून जास्त जणांची विक्री घटल्याचं दिसलं, तर जुनी वेळ परत आणू." असं पत्र वाचून चिडलेला माणूसही निदान आकड्यांशी भांडतो, माणसांशी नाही.

गावकऱ्यांना सांगणं सोपं वाटतं आणि तिथंच राहून जातं. जुनी वेळ डोक्यात असलेला माणूस सकाळी अकराला रिकाम्या मैदानावर येतो. नव्या वेळेचे फलक जुन्या जागेवर, जुन्या प्रवेशद्वाराशी लावा, आणि पहिल्या सकाळी तिथं एक माणूस उभा ठेवा.

मेळा चालू असताना

एकट्यानं बसलेल्या कारागिराला जेवायला किंवा स्वच्छतागृहात जायला उठता येत नाही. प्रत्येक रांगेला एक स्वयंसेवक द्या, त्यानं पंधरा-पंधरा मिनिटं स्टॉल सांभाळायचा. खर्च शून्य आणि यासारखा दुवा मिळवून देणारा बदल दुसरा नाही. मोबाइलनं पैसे घेणाऱ्यांसाठी एक खबरदारी: गर्दी वाढली की नेटवर्क अडखळतं आणि नेमका घ्यायला तयार झालेला ग्राहक "येतो परत" म्हणून जातो. समितीच्या टेबलावर तारेनं आणलेलं वायफाय ठेवा, आणि सुट्ट्या पैशांची पेटीही.

माल उतरवायच्या सकाळी रांगेवार वेळा ठरवून द्या, दूरच्या रांगा आधी. हे नाही केलं तर पहिला आलेला माणूस वाटेत गाडी लावून निवांत माल काढत बसतो आणि मागं तीस गाड्या हॉर्न वाजवतात. त्या दिवसाचे सगळे रुसवे इथूनच सुरू होतात.

शेवटच्या संध्याकाळी, आवराआवरीच्या गडबडीत, चिठ्ठीची पेटी फिरवायला विसरू नका. चिठ्ठ्या घरी पाठवून मागवल्या तर चौथा हिस्साही परत येत नाही. पेटी घेऊन जो जाईल त्याच्या दुसऱ्या हातात पाण्याच्या बाटल्या असू द्या, आणि शेवटच्या रांगेपासून सुरुवात करा.